आमोदखेड्याची आडवी बाग

१

गुरुवारी सकाळी आमोदखेड्याचे गिरधर आबा नेहेते आपल्या बागेत गेले, तेव्हा घड धरलेली त्यांची तीनेकशे झाडं जमिनीवर आडवी पडलेली होती. रात्रीतून कुणीतरी एकेक केळ बुडाशी कापली होती. बांधावर एक विळा सापडला, मुठीला हिरवं फडकं गुंडाळलेला. तसलं फडकं रुबाब तडवीच्या कापणी टोळीच्या विळ्यांना असतं, हे आमच्या रावेर-यावलकडे केळी लावणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

दुपारपर्यंत आबांच्या फिर्यादीवरून, त्यांच्यादेखत, पोलिसांनी रुबाबला उचललं आणि संध्याकाळपर्यंत योगराजभाऊ हजर झाले. हे जिल्हा परिषदेचे उमेदवार. गेल्या निवडणुकीत त्यांना रस्ते आठवले होते, या वेळी मुसलमान आठवले. कापलेल्या बागेत उभं राहून त्यांनी मोबाइलसमोर भाषण ठोकलं, की आपल्या केळीला लागणारा हात आपलाच पाहिजे. शुक्रवारी पाचला गावच्या चौकात सभा ठेवली. तिथे सगळ्यांनी शपथ घ्यायची, की यापुढे एकाही मुसलमान टोळीला बागेत पाऊल टाकू द्यायचं नाही.

तडव्यांची, म्हणजे मुसलमान भिल्लांची, वस्ती गावाच्या कडेला आहे. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या केळीच कापत आली. गुरुवारी रात्री दोन घरांच्या दारांवर दगड पडले होते. शपथ झाली की ही वस्ती खाणार काय, आणि सभेतून उठलेली पोरं घरी जाताना वाटेत ती वस्ती लागली की काय करतील, हे दोन प्रश्न माझ्या डोक्यात जळगावपासून भुणभुणत होते.

मी मयुरी फिरके. जळगावात वकिली करते, आणि तिथल्याच मेहरूण भागात आमची नागरी हक्क समिती आहे तिचं काम बघते. काम म्हणजे काय, तर एखाद्या पुढाऱ्याने व्यासपीठावरून एका अख्ख्या समाजाला शिव्या घातल्या की तक्रार करायची, आणि त्या शिव्यांपायी जो आत जातो त्याला वकील मिळवून द्यायचा. तक्रारींची पोच मिळते, उत्तर क्वचितच मिळतं. माझं डोकं लवकर तापतं, म्हणून समितीने माझ्या जोडीला मुनाफभाई पिंजारींना दिलंय. साठीचे वकील, आवाज असा हळू की न्यायाधीशालाही पुढे वाकावं लागतं.

शुक्रवारी सकाळी निघालो, तेव्हा आज गावात नका उतरू, असं मी त्यांना गाडीत म्हटलं.

"मी गाडीत बसून राहिलो, तर न लढताच त्यांचं खरं होईल," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

आधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. रुबाबची पहिली गोष्ट ऐकूनच माझा धीर सुटला. विळा आपलाच आहे, असं त्याने कबूल करून टाकलं होतं.

२

रुबाब पन्नाशीचा, खांदे घड वाहून वाहून एका बाजूला उतरलेले. मला आणि मुनाफभाईंना बघून तो उभा राहिला, पण आपल्या सुटकेबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही.

"आबाचे घड भरले व्हते का ताई?" तो म्हणाला. "पंधरा दिवस ठेवले असते त मस्त भरले असते."

मी जरा तडकूनच म्हटलं, की आधी विळ्याचं सांग. त्याने सांगितलं ते असं. टोळीची जिथे कापणी चालू असते, तिथेच विळे ठेवायची त्यांची रीत. रोज घरी न्यायचे नाहीत, मालकाच्या खळ्यातल्या खुंट्यांना टांगायचे. आबांच्या बागेची एक कापणी झाली होती, दुसरी व्हायची होती. मधेच एका सकाळी आबांचा मुलगा हितेंद्र फाटकात आडवा उभा राहिला, आणि तुमच्या लोकांनी आता आमच्या शेतात यायचं नाही म्हणाला. टोळी तशीच परत फिरली. विळे खळ्यातच राहिले.

पोलिसांनी याचाच अर्थ लावला होता: हाकलल्याचा राग, म्हणून बाग कापली.

आबा काय म्हणाले तेव्हा, असं मी विचारलं. रुबाबने मान खाली घातली.

"आबा तठीच उभे व्हते. काही बोलले नही."

वीस-बावीस वर्षं त्याने आबांची केळी कापली होती. त्याला हाकललं याचं नव्हे, आबा बोलले नाहीत याचं त्याला लागलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. निघताना तो सहज म्हणाला, की नाहीतरी आबा यंदा बाग मोडणारच होते. एवढे घड उतरले की सगळं उपटून हरभरा पेरणार, असं साऱ्या गावाला सांगून झालं होतं. मोडायच्या बागेवर कोण कशाला राग काढेल?

गोष्ट तर्काला धरून होती. पण फौजदारासमोर तर्क एकीकडे आणि विळा एकीकडे, आणि विळा हातात धरून दाखवता येतो. चार तासांत सभा होती.

३

ठाण्यातून आम्ही बागेत गेलो. मी केळीच्याच घरातली. लहानपणी आमच्याकडे वाऱ्याने चार झाडं पडली, तर आई त्या दिवशी फोडणीचं करत नसे. इथे तर ओळीच्या ओळी झोपल्या होत्या, हिरवे घड मातीत रुतलेले, कापल्या जागी चीक सुकून काळा पडलेला.

शेजारच्या बांधावर मगन नेहेते उभा होता. आबांचा चुलतभाऊ. दोघांचा बांधावरून जुना दावा चालू आहे, म्हणून मला त्याला भेटायचंच होतं. आपण होऊन बोलायला आला.

"माझ्यावर संशय घ्यायले आले का?" त्याने विचारलं.

घ्यायला हवा का, असं मी उलट विचारलं. तो हसला. म्हणाला, आबा बाग मोडायचीच म्हणत होता, मी फुकट कशाला राबू? त्याची जिरवायची असती तर पेरणी झाल्यावर हरभऱ्यात गुरं सोडली असती. माणूस कपटी होता, पण हे खरं वाटलं. रुबाबचं तो काही बरं बोलला नाही, वाईटही बोलला नाही. सभेला जाणार का म्हटल्यावर म्हणाला, सगळे जातील तर आपणही जाऊ.

मुनाफभाई इतका वेळ ओळींमधून खाली बघत चालत होते. त्यांच्या घराण्यात कापूस पिंजायचा धंदा, केळीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. आणि म्हणूनच असेल, त्यांना ते दिसलं.

"मयुरी, ही लहान झाडं कसली?"

पील आहेत, मी सांगितलं. आईझाडाच्या बुडाशी कोंब फुटतात, त्यांतला एक राखतात. आईचा घड उतरला की तो वाढतो आणि पुढचं पीक देतो. त्याला पीलबाग म्हणतात. बाग मोडायची असेल तर पील राखायचा प्रश्नच नाही, तेही उपटून टाकायचं.

"मग ही का वाचली?"

लहान म्हणून सोडली असतील, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. मग मी खाली वाकून बघायला लागले. एका ओळीत बघितलं, दुसऱ्या ओळीत बघितलं.

केळीचं झाड घडाच्या भाराने वाटेल तिकडे कलतं. अंधारात सपासप कापत गेलं तर अर्धी झाडं पिलांवर कोसळायला हवी होती. इथे एकही पील चेंगरलं नव्हतं. जिथे झाड पिलाकडे कललेलं, तिथे कापणाऱ्याने ते ढकलून दुसऱ्या बाजूला पाडलं होतं. ठिबकच्या नळ्या जागच्या जागी होत्या. एका ठिकाणी पडलेलं पान पिलावरून उचलून बाजूला सारून ठेवलेलं होतं.

वैर करायला आलेला माणूस पान उचलून ठेवत नाही.

मी उठून हात झटकले. मुनाफभाईंनी काय झालं म्हणून विचारलं. आबांच्या घरी जाऊ या, एवढंच मी म्हणाले.

४

आबांचं घर गावात शिरताना पहिलंच. मागे खळं, खळ्याला पत्र्याचं छप्पर. कुंदाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, आम्हाला ओसरीवर बसवलं. मुनाफभाईंचं नाव ऐकून त्यांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी दोघांना सारख्याच कपात चहा दिला. मला त्या बाईचा आदर वाटला. त्या दिवशी त्या गावात ही लहान गोष्ट नव्हती.

खळ्यात जाऊन बघू का, असं मी विचारलं. भिंतीला खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीवर हिरव्या फडक्याचा एक विळा, आणि दाराजवळची खुंटी तेवढी रिकामी. रुबाब खरं बोलला होता. पण खळ्याला कुलूप नव्हतं. कुणीही येऊन विळा नेऊ शकला असता.

परत ओसरीवर येऊन चहा घेतोय, एवढ्यात हितेंद्र आला. तिशीचा, पांढरा झब्बा, गळ्यात उपरणं. योगराजभाऊंच्या प्रचाराचं सगळं तोच बघत होता, आणि पुढच्या वेळी पंचायत समितीचं तिकीट त्यालाच असं गावात बोललं जायचं. वागायला अगदी गोड. त्याने मला ताई म्हटलं, मुनाफभाईंना सर म्हटलं. बुधवारी रात्री आपण प्रचार कार्यालयात होतो, उशिरा येऊन झोपलो, सकाळी आबांच्या हाकेनेच जाग आली, असं त्याने न विचारता सांगितलं.

"रुबाबशी आमचं काही वैर नाही," तो म्हणाला. "पण आता लोकांच्या भावना आहेत."

भावना या शब्दाची मला अलीकडे चीड येते. दगड कुणीतरी हाताने मारतो, आणि नाव भावनांचं सांगतो. पण मी चहाचा घोट घेतला. त्याला सभेची घाई होती, तो गेला.

कुंदाबाई दाराशी उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, की आता हरभराच पेरणार का?

त्या म्हणाल्या, हरभऱ्याचं केव्हाच राहिलं. पोळ्याच्या दिवशी तिघं जेवायला बसले असताना आबांनी सांगितलं, की बाग मोडायची नाही. पोरगा राजकारणात वाहवत चालला, त्याला शेतात गुंतवायचं होतं. "हे घड उतरले का माझं संपलं," असं आबा म्हणाले होते, "पीलबाग हितेंद्रची." गावात अजून बोलले नव्हते. आधी पोराचं मन लागू दे, मग सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

"खुश झाला व्हता माय, पोरगा," कुंदाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सोताहून बागेत गेला, पिलाइले माती लावून आला."

मुनाफभाईंनी कप हळूच खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्या माउलीला आपण काय सांगितलं ते माहीत नव्हतं, आणि तिच्यासमोर मला मान वर करवेना.

आबा कुठे आहेत, मी विचारलं. काल पोलिसांनी रुबाबला नेलं तेव्हापासून खोलीबाहेर आले नाहीत, जेवले नाहीत, बागेतही परत गेले नाहीत, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून आवाज आला.

"वकीलबाई, आत या. त्याइलेबी आना."

५

आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. धोतर कालचंच, पायांना बागेची माती तशीच. मी खाली सतरंजीवर बसले. मुनाफभाई दाराशी उभे राहिले.

मी जे बोलायला आले होते ते बोलणं कठीण होतं, म्हणून सरळ बोलले. ज्याने बाग कापली त्याने पील राखलं. रुबाबला आणि मगनला, साऱ्या गावाला, बाग मोडणार एवढंच माहीत होतं. त्यांच्या लेखी ती पिलं म्हणजे कचरा. पीलबाग राहणार हे जेवायला बसलेल्या तिघांनाच ठाऊक. विळा याच खळ्यातला. आणि या सभेतून कुणाचं तिकीट पक्कं होणार आहे, तेही सगळ्यांना ठाऊक. टोळीला मधेच का हाकललं, याचाही मग अर्थ लागतो. रुबाबला राग आला असं दाखवायला काहीतरी कारण लागत होतं.

आबांनी मला मधे तोडलं नाही. पायांवर सुकलेली माती ते नखाने खरवडत होते.

"मले पह्यल्याच वळीत समजलं," ते शेवटी म्हणाले. "आईवर इळा चालवायचा आन पील राखायचं, हे मीच शिकवलं त्याले. सात-आठ वर्साचा व्हता. त्याचा हात धरून शिकवलं."

मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. कळलं होतं तर फिर्याद का दिली? रुबाबला बेड्या पडताना हा माणूस तिथेच उभा होता. फाटकातही उभा होता. मी तसं म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"पोरगा हाय," आबा म्हणाले.

 मुनाफभाई पुढे आले, आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, की आबा, रुबाबलाही दोन पोरं आहेत, आणि आज सभा सुटली की तुमच्या गावातली जवान पोरं त्यांच्या दारावरून जाणार आहेत. आम्ही तुमच्या मुलाचं नाव घेणार नाही. आम्ही घेतलं तर कुणी खरंही मानणार नाही, माझं तर नाहीच नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाहेर चौकात भोंगा सुरू झाला होता. एक पोरगा पळत आला आणि ओसरीवरून ओरडला, की आबांना स्टेजवर बोलावलंय.

आबा उठले, आणि आमच्याकडे न बघता बाहेर पडले. ते काय करणार, हे त्यांच्या तोंडावरून मला अजिबात कळलं नाही.

६

चौक भरला होता. आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती, बहुतेक सगळी केळीवाली. आम्ही दोघं बाजूच्या भिंतीशी उभे राहिलो. काही माना मुनाफभाईंकडे वळल्या, कुणीतरी काही पुटपुटलं. मी त्यांच्या पुढे सरकले, तर ते शांतपणे परत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

योगराजभाऊ बोलायला पक्के. आज केळी कापली, उद्या काय कापतील, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर लोकांवर सोडून दिलं. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला. आता शपथ आबाच देतील, ज्यांचं काळीज कापलं गेलं तेच देतील, असं म्हणून माइक त्यांच्या हातात दिला. हितेंद्र मागे उभा राहून मोबाइलवर सगळं टिपत होता.

आबांनी माइक जवळ घेतला. दम लागल्यासारखा त्यांचा श्वास भोंग्यातून ऐकू आला.

"तुम्ही समदे केयीवाले हाय," ते म्हणाले. "माही बाग पाह्यली का कोनी?"

पाहिली, पाहिली, असा गलका झाला.

"मंग पिलाइकडे पाह्यलं का?"

गलका थांबला.

"तीनशे केयी पडल्या, आन एक पील दबलं नही. पिलावरचं पान उचलून ठेवलं हाय. तुम्हाले वाटे, मी बाग मोडतो. रुबाबलेबी तेच वाटे. पीलबाग ठेवायची, हे मी फक्त माह्या घरात सांगलं व्हतं."

पुढे त्यांना बोलायची गरजच पडली नाही. शहरातली सभा असती तर समजावून सांगावं लागलं असतं. इथे प्रत्येकाने कधी ना कधी ते पान उचलून ठेवलेलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मगन बांधावर दिसला होता तसाच उभा होता, पण आता हसत नव्हता. मग एकेक मान वर झाली आणि आबांच्या मागे बघायला लागली.

योगराजभाऊ माइककडे झेपावले. आबांना धक्का बसला आहे, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. आबांनी माइक सोडला नाही.

"शपथ-बिपथ काही नही," ते म्हणाले. मग वळले, आणि माइक तोंडाशी आहे हे विसरून घरात बोलावं तसं बोलले. "हितेंद्र, ठेव तो मोबाइल. चाल. रुबाबले आनायले जायचं."

हितेंद्र हलला नाही. त्याने योगराजभाऊंकडे बघितलं. योगराजभाऊ दुसरीकडे बघत होते. मला वाटलं, हा आता पळणार, किंवा बापाला खोटं पाडणार.  मग त्याने गळ्यातलं उपरणं काढलं, खुर्चीवर ठेवलं, आणि बापाच्या मागून पायऱ्या उतरला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. शपथ घ्यायला कुणी थांबलं नाही.

७

आमच्याच गाडीतून गेलो. पुढे मुनाफभाई आणि मी, मागे बाप-लेक. तडवी वस्तीवरून जाताना दारं बंद होती आणि आतून माणसं बघत होती. हितेंद्र खिडकीकडे बघायचं टाळत होता.

ठाण्यात त्याने स्वतःच सांगितलं. योगराजभाऊंनी कापायला सांगितलं नव्हतं म्हणे. निवडणुकीआधी काहीतरी घडायला हवं, एवढंच ते म्हणाले होते. पुढाऱ्यांचं हे बरं असतं, त्यांच्या हाताला चीक लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची सभा पलीकडच्या गावात झाली आणि विषय तोच होता. आम्ही तक्रार केली. पोच मिळाली आहे.

पिलं का राखलीस, असं फौजदाराने हितेंद्रला विचारलं. त्याला ते नीट कळलंच नाही. राखली, असं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

रुबाबला बाहेर आणलं तेव्हा आबा बाकावरून उठले. त्यांनी हात जोडले. मला आतून फार वाटत होतं, की रुबाबने पुढे व्हावं, ते हात धरावेत, जाऊ द्या आबा म्हणावं. गोष्टीत असं होतं, आणि आपल्याला मोकळं वाटतं.

रुबाब जागचा हलला नाही.

"तुम्ही तठी उभे व्हते आबा," तो म्हणाला. "फाटकातबी. कालबी."

आबांनी जोडलेले हात खाली घेतले.

"व्हतो," ते म्हणाले.

रुबाब आमच्या गाडीत बसला नाही. वस्तीवरची माणसं त्याला न्यायला आली होती, तो त्यांच्याबरोबर पायी निघाला. आबा ठाण्याच्या पायरीवर उभे राहून तो वळणापर्यंत जाईतो बघत होते, आणि मग मुलगा होता त्या खोलीत परत गेले.